नाथसागराची बेटं, काठची गावं आणि छोटी अनुदानं : आराखड्यावर मतं हवीत

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

एक उद्योगसमूह आणि एक कौटुंबिक न्यास मिळून नाथसागराच्या (पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय) काठच्या गावांसाठी छोट्या अनुदानांचा निधी काढताहेत. पैसा तीन गोष्टींसाठी आहे: जलाशयातली बेटं आणि पाणपक्षी, आसपासची माळरानं, आणि दुष्काळ किंवा अतिवृष्टी झाली तर गावाला लवकर सावरता यावं अशी कामं. आराखडा लिहिण्याचं काम आमच्या गटाकडे आलंय. लिहिता लिहिता लक्षात आलं की पैसा किती, यापेक्षा तो कुणाच्या हाती, कोणत्या महिन्यात आणि काय मोजून द्यायचा यावरच सगळं अडतंय.

ज्यांनी जायकवाडी फक्त भिंतीवरून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं. जलाशयाचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर. १९८६ पासून पक्षी अभयारण्य. पाण्यात तीसेक बेटं आहेत. पाणी १५२२ फुटांवर, म्हणजे धरण पूर्ण भरलेलं असलं की ती खरी बेटं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातली काही काठाला जोडली जातात आणि कुत्री, कोल्हे, गुरं, ट्रॅक्टर थेट वर चढतात. नेमक्या त्याच दिवसांत नदी सुरय हा पक्षी उघड्या गाळावर आणि वाळूवर अंडी घालतो.

छोट्या अनुदानांचा दांडगा अनुभव बेटांच्या देशांकडे आहे, म्हणून तिकडचं वाचत बसलोय. माणसं थोडी, यंत्रणा तोकडी, मदत पोचायला समुद्र ओलांडायचा, आणि एका वादळात होत्याचं नव्हतं. जागतिक पर्यावरण सुविधेचा (जीईएफ, देशांच्या वर्गणीतून चालणारा पर्यावरण निधी) लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चाललाय. अनेक वर्षं एका प्रकल्पाला ५०,००० डॉलरची कमाल मर्यादा होती, आणि प्रत्येक देशातल्या निवड समितीत बिगरसरकारी सदस्यांचं बहुमत लागतं. सेशेल्सने २०१६ मध्ये २.१६ कोटी डॉलरच्या कर्जाची अदलाबदल करून, म्हणजे परतफेडीचा काही पैसा निसर्गाकडे वळवून, त्यातून समुद्रासाठी स्वतःचा न्यास चालवला. पलाऊ २०१८ पासून येणाऱ्या पाहुण्यांकडून १०० डॉलर पर्यावरण शुल्क घेतं आणि त्यातला वाटा संरक्षित क्षेत्रांच्या निधीला जातो.

आमचा पहिला मसुदा असा: अनुदान २ ते १० लाख, मुदत १२ महिने, अर्ज मराठीत, अर्जदार संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षं जुनी, लोकवाटा २५ टक्के, सरपंचाचं शिफारसपत्र, पैसे दोन हप्त्यांत: निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. फाडा.

माळावरचा_लांडगा

फाडतो.

माळरानांसाठी पैसा म्हणालात. कशासाठी? आराखड्यात "वृक्षलागवड" हा शब्द आला की खेळ संपला. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं, त्यात चंडोल, धाविक (माळावर धावत फिरणारा पक्षी), खोकड, काळवीट, लांडगा. तिथं सलग समतल चर मारून ग्लिरिसिडिया लावलं की फोटो झकास येतो, आणि दोन वर्षांत धाविक दिसेनासा होतो. आपल्याकडे वनक्षेत्र कमी (लातूर जिल्ह्यात तर एक टक्काही नाही), म्हणून प्रत्येकाला वाटतं की दिसेल तिथं झाड लावलं की पुण्य. हा समज सरकारपासून शाळेपर्यंत पसरलाय, आणि देणगीदारांना तर झाडच लागतं. झाड मोजता येतं, त्याच्याशेजारी पाटी लावता येते. गवताला पाटी कुठं लावणार?

तुमच्या निधीत लिहून टाका: नैसर्गिक माळावर झाडं लावायला एक रुपयाही मिळणार नाही. वेडी बाभूळ काढायला, गवताचं बी राखायला, वणवा अडवायला जाळरेषा काढायला, पाणवठा राखायला मिळेल.

आणि किती रोपं लावली हे विचारूच नका. विचारायचंच असेल तर तिसऱ्या मे महिन्यात काय जगलं ते विचारा. पण तुमची मुदत आहे १२ महिने, म्हणजे तिसरा मे तुम्ही बघणारच नाही.

चिंचोलीकर

+१. झाडं लावणाऱ्यांना मात्र राग येणार :)

पिंपळपान

राग नाही, पण एकांगी वाटतं. गावठाण, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, देवस्थानाची जमीन इथं झाडं नकोत का? आमच्या गावात उन्हाळ्यात पारावर बसायला सावली नाही. लांडगा भाऊंचा माळ वेगळा आणि आमचा ओढा वेगळा, हा फरक अर्जात करता आला पाहिजे. सरसकट बंदी घातली तर लोक म्हणतील, ही पक्षीवाल्यांची योजना आहे.

माळावरचा_लांडगा

मान्य. ओढ्याकाठी करंज-जांभूळ लावा, मी स्वतः खड्डे खोदायला येतो. बंदी फक्त माळावर.

किनवटकर

गोदाकाठ भाऊ, येक इचारू का? ह्ये सगळं लिहायलेत तुम्ही, चांगलंच लिहायलेत, पर पैसा शेवटी जायचा कुणाकडं? तीन वर्षाची नोंदणी म्हणलं की जिल्ह्याच्या गावात बसलेल्या त्याच चार-दोन संस्था येणार. त्यांच्याकडं अर्ज लिहायला पगारी मानूस ऱ्हातो. गावात ज्यानं रातभर जागून बांध राखला त्याच्याकडं कागद कुठला? आमच्याकडं किनवटात लई बघितलं हे. पाटी लागती, फीत कापत्यात, गाडी निगून जाती. मग पाटीवर कावळा बसतो.

उमरग्याची

किनवटकर दादा बोलले ते खरं आहे, पण नोंदणी नसलेल्याच्या हाती पैसा द्यायचा कसा हा प्रश्नही खरा आहे. मी बचत गटांच्या कामात आहे म्हणून माझं बघणं त्या बाजूनं. गावोगाव उमेदचे (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचे संघ आहेत, माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळ) लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. बँक खातं आहे, ठरावाचं रजिस्टर आहे, दर महिन्याला बैठक होते, आणि कर्ज बुडवलं तर बाया एकमेकींना सोडत नाहीत. हिशोबाची शिस्त म्हणाल तर पुष्कळ नोंदणीकृत संस्थांपेक्षा बरी. त्यांना अर्ज करता आला पाहिजे.

आता वेळेचं सांगते. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या कित्येक गावांतली निम्मी निम्मी वस्ती दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते ती पाडव्याच्या आगंमागं परत येते. तुम्ही नोव्हेंबरात अर्ज मागवणार, जानेवारीत गावबैठक घेणार, मार्चमध्ये काम संपवणार. बैठकीला कोण असेल? ज्याच्याकडे बागायत आहे तो. कोयता घेऊन गेलेल्या जोडप्याचं म्हणणं कुठंच येणार नाही, आणि त्याच्या शेळ्या चरतात त्या गायरानावर चराईबंदीचा ठराव होऊन जाईल.

चराईबंदीवर जपून. माळाला विश्रांती लागते हे मला कळतं, पण बंदीचा भार कुणावर पडतो ते बघा. शेळी भूमिहीन बाईची असते. गवत वाढल्यावर कापून न्यायला म्हैसवाला येतो.

तसंच तुमचा २५ टक्के लोकवाटा. श्रमदान करायचं म्हटलं की टिकाव-घमेलं कुणाच्या हातात असतं? आणि पाणी मुरलं की विहीर कुणाची भरते? ज्याची विहीर भरणार त्यानं रोख द्यावं, भूमिहीनानं राबलं तर त्याला मजुरी मिळावी. एवढं केलंत तरी तुमचा निधी इतरांहून वेगळा ठरेल.

गोदाकाठ

ताई, ऊसतोडीचं कॅलेंडर आमच्या टिपणात नव्हतंच. घेतोय. लोकवाट्याचं वाक्यही बदलतोय: ज्याला थेट लाभ त्याचा वाटा रोखीत, बाकी श्रमाला मजुरी.

सीए मंडळी कुणी आहेत का इथं? ग्रामसंघाला कंपनीचा पैसा देता येतो का?

सीए_लातूर

आहे. मुद्द्याचं सांगतो, थोडं कंटाळवाणं होईल.

कंपनीचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर (कंपनी कायदा २०१३, कलम १३५) ग्रामसंघाला किंवा मच्छीमार सोसायटीला अनुदान म्हणून थेट देता येईल असं समजून आराखडा करू नका. राबवणारी संस्था म्हणजे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी असलेला सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी. बाहेरची असेल तर तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव. एप्रिल २०२१ पासून त्यांना सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. पण याचा अर्थ गावगटाला पैसा पोचतच नाही असा नाही. मधली संस्था गावगटाशी करार करते, काम त्यांच्याकडून करून घेते, आणि तो प्रकल्पाचा खर्च म्हणून तिच्या पुस्तकात दिसतो. व्हाउचर, हजेरीपट, मजुरी खात्यावर. म्हणजे किनवटकरांचा माणूस रात्र जागतो त्याचे पैसे त्याच्या खात्यावर जाऊ शकतात, फक्त कागदाचं ओझं मधल्या संस्थेनं उचलायचं.

दुसरं, "मार्च एंड", म्हणजे मार्चअखेर पैसा संपलाच पाहिजे ही समजूत. अर्धा गोंधळ याचा आहे आणि तो बराचसा अज्ञानातून आहे. कायद्यात चालू प्रकल्प अशी सोय आहे. ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालवता येतो. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची. तेव्हा १२ महिन्यांचा हट्ट कंपनीचा असेल, कायद्याचा नाही. लांडग्यांचा तिसरा मे यात बसतो.

तिसरं, पाच टक्के. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत हवा असं कंपनीचे अधिकारी संस्थेला ऐकवतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या, सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चावर आहे. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. हे वाक्य आराखड्यात लिहूनच टाका, नाहीतर वाटाघाटीत पहिली कात्री तिथंच लागते.

आणि परदेशी पैसा या भांड्यात मिसळू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडे आलेला परदेशी निधी तिला पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. बेटांकडे जी पद्धत आहे, वरून एक मोठं अनुदान आणि खाली अनेक छोटी, ती परदेशी पैशात आपल्याकडे तशी चालणार नाही. देशी पैशात चालवा.

सुवा_ते_सेलू

मी मूळचा सेलूचा, पॅसिफिक बेटांवरच्या प्रकल्पांत बरीच वर्षं काढली. गोदाकाठ यांनी वर दिलेली उदाहरणं पैसा कुठून आला याची आहेत. पैसा खाली कसा पोचतो हे जास्त कामाचं.

क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंड (जैवविविधतेच्या कामासाठी संस्थांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) मोठ्या प्रदेशासाठी एक स्थानिक संस्था नेमतो. ती नुसते धनादेश वाटत नाही. अर्जदारासोबत बसून अर्ज घडवते, पहिला हिशोब कसा लिहायचा ते शिकवते, काम अडलं तर जाऊन बघते. आपल्याकडे पश्चिम घाटासाठी २००८ ते २०१५ या काळात हे काम बंगळुरूच्या एट्री संस्थेनं केलं. तुमच्या निधीला अशी काठावर राहणारी, चप्पल झिजवणारी टीम लागेल. तिच्याशिवाय मराठीत अर्ज ठेवून काही होत नाही. मराठीतही "अपेक्षित फलनिष्पत्ती" लिहायला सांगितली तर बचत गटाची ताई घाबरतेच. लघु अनुदान कार्यक्रमात व्हिडिओवरही प्रस्ताव घेतात. गावानं मोबाइलवर जागा दाखवून बोलायचं, लिहून घेण्याचं काम टीमचं.

आता फिजीची एक गोष्ट, कारण ती नाथसागराला जवळची आहे. व्हिती लेवू बेटावर उथुनिवानुआ नावाचं गाव आहे. तिथल्या चिखलाच्या किनाऱ्यावर काइकोसो नावाचे शिंपले मिळतात, बायका ते वेचतात. शिंपले कमी आणि लहान मिळायला लागले. १९९७ मध्ये गावानं किनाऱ्याचा २४ हेक्टरचा तुकडा जुन्या रिवाजाप्रमाणे "ताबू" केला, म्हणजे तिथं वेचायचं नाही. विद्यापीठाच्या लोकांनी काय केलं, तर मोजायला शिकवलं. दोरी टाकायची, चौकट ठेवायची, त्यातले शिंपले मोजायचे, आकार बघायचा. मोजणी गावकऱ्यांनीच केली, बंद तुकड्यातही आणि बाहेरही. शिंपले वाढले, बंद तुकड्याच्या बाहेरसुद्धा वाढले, आणि ते त्यांना स्वतःच्या आकड्यांवरून कळलं. अहवाल वाचून नव्हे. पुढे आसपासच्या गावांनी तेच उचललं आणि त्यातून फिजीभर गावांचं जाळं झालं. २००२ मध्ये त्याला इक्वेटर पुरस्कार मिळाला.

यात अनुदानाची रक्कम किती होती हे कुणाला आठवत नाही. पैसा कमी होता, पण सलग येत राहिला. एकदम दहा लाख देऊन निघून जाण्यापेक्षा दरवर्षी दोन लाख, पाच वर्षं, हे तिकडे जास्त टिकतं.

किनवटकर

ह्ये पटलं. सोता मोजलं की मानसाला खोटं बोलता येत नाही. म्हंजी येतं, पर सोताशी नाही.

चप्पूवाला

पैठणकडचा आहे, घरात तीन पिढ्या मासेमारी. पहिल्यांदाच लिहितोय इथं.

बेटांचं सगळे बोलतात, बेटावर रात्री कोण असतं ते बोलत नाहीत. आम्ही असतो. संध्याकाळी जाळं टाकून बेटाच्या आडोशाला चप्पू (छोटी होडी) लावतो, पहाटे जाळं काढतो. सुरयाची अंडी कुठं आहेत ते आम्हाला सांगायला लागत नाही, जवळ गेलं की पाखरं डोक्यावर चोची मारायला येतात. अंडी वाळूच्या रंगाची, टिपके टिपके. पाय पडला तरी कळत नाही. चार घरट्यांभोवती आम्ही दगड मांडून ठेवले होते, म्हणजे दुसऱ्यानं पाय देऊ नये. पुढच्या आठवड्यात गाळपेऱ्याचा, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत पेरणी करणाऱ्याचा ट्रॅक्टर फिरला.

ट्रॅक्टरवाल्याचा पण दोष काय सांगू. त्यानं गाळपेऱ्याची जमीन घेतलीय, कलिंगड लावायचंय, उशीर झाला की पाणी लांब जातं. त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं तरी नुकसान कोण भरणार?

आधी मासेमारांना चोर समजून बोलणारे पक्षीमित्र पण बघितले. आमची बारीक आसाची (छिद्रांची) जाळी वाईट हे मान्य. चिलापीनं (तिलापिया मासा) बाकीचे मासे कमी केले, भाव पडला, मग लोक बारीक जाळं टाकतात. मोठ्या आसाचं जाळं घ्यायला पैसे द्या आणि जुनं जमा करून घ्या. याला अनुदान मिळतं का तुमच्या निधीत? का फक्त पाट्या आणि दुर्बिणी?

गोदाकाठ

दादा, या धाग्यावर तुमचाच प्रतिसाद हवा होता. जाळीबदल बसतो, बसवतो. घरट्यांचं सविस्तर सांगा, राखण करायची तर किती माणसं, किती दिवस?

चप्पूवाला

पाणी उतरायला लागल्यापासून पिल्लं उडेपर्यंत. फेब्रुवारी-मार्च ते मे अखेर धरा, पाण्यावर आहे. एका बेटाला दोन माणसं आलटून पालटून. कुत्र्यांसाठी रात्री, ट्रॅक्टर-गुरांसाठी दिवसा. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला पाहिजेत. जून-जुलैत देतो म्हणालात तर कुणी थांबणार नाही, तोवर घरात काय शिजवायचं?

सुवा_ते_सेलू

हे नवीन नाही. चंबळ नदीवर पाणचिरा पक्ष्याच्या घरट्यांसाठी बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) स्थानिक राखणदार नेमलेत. पण एक खबरदारी घ्या. "प्रति घरटं अमुक रुपये" असा दर लावू नका. दर लावला की माणसं घरटं शोधत फिरतात, पाखरं उठतात, अंडी उन्हात राहतात, आणि आकडा फुगतो. दिवसाची मजुरी द्या, घरट्यांची मोजणी लांबून आणि ठरलेल्या वेळी. पिल्लं किती उडाली यावर गटाला वर्षाअखेर थोडी बक्षीस रक्कम चालेल, तीही गटाला.

ट्रॅक्टरवाल्याचं सोपं आहे. घरटी असलेला पट्टा मेअखेरपर्यंत न नांगरण्याचा मोबदला. छोट्या पट्ट्यासाठी रक्कम फार नाही.

माळावरचा_लांडगा

परवानगीचं विसरू नका पण. अभयारण्य आहे, अधिवासात काहीही फेरफार करायचा तर वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. बुडित जमीन जलसंपदाची. उद्या हौशी संस्था बेटावर खड्डे खोदेल, सिमेंटचा पाणवठा बांधेल, मग अडकेल गावचा पोरगा. अनुदानाच्या करारात लिहा की परवानगी काढायचं काम मधल्या टीमचं, अर्जदार गटाचं नाही.

जालनेवाला

ज्याच्या त्याच्या सोयीनं चाललंय सगळं. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर यात काय वाईट? काम न करता पैसे खाल्ले तर?

उमरग्याची

वाईट असं की ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत तोच काम पूर्ण करू शकतो. पोकरातही (सरकारचा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प) पद्धत तीच आहे, शेतकऱ्यानं आधी काम करायचं, मग अनुदान खात्यावर. ज्याची पत आहे तो दुकानदाराकडून उधारीवर ठिबक आणतो. ज्याची नाही तो अर्जच करत नाही, आणि मग अहवालात येतं की अल्पभूधारकांचा प्रतिसाद कमी.

आपल्याच भागात दुसरा नमुना होऊन गेलाय. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. पुनर्वसनाचा जागतिक बँकेचा प्रकल्प होता, त्यात दोन वाटा होत्या. ५२ गावं नवीन जागी बांधून दिली, त्यांत घरं बरीचशी ठेकेदार किंवा देणगीदार संस्थांनी बांधली. दुसरीकडे १३ जिल्ह्यांतली लाखावर घरं लोकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली. पैसे टप्प्याटप्प्यानं घरमालकाच्या खात्यात, तांत्रिक सल्ल्याला अभियंता, आणि गावात समजावून सांगायला महिला मंडळांतल्या बाया, संवाद सहायक म्हणून. त्यातल्या कित्येक बाया पुढे बचत गटांच्या कामात आल्या. नवीन गावांत सरळ रस्ते, ऐसपैस प्लॉट, पण जनावरं बांधायला, धान्य ठेवायला लोकांनी मागाहून जोडकामं केलीच.

तेव्हा हप्ते हवेतच, पण चार. पहिला करार झाल्या झाल्या, पुढचा आधीच्या हप्त्याचा हिशोब दाखवला की आठवड्यात. शेवटचा दहा टक्क्यांहून जास्त अडवू नका. आणि जालनेवाले भाऊ, पैसे खाणारा निम्म्यातही खातो.

सीए_लातूर

हिशोबावर एक. पन्नास हजारांच्या अनुदानाला आणि दहा लाखांच्या अनुदानाला एकच उपयोगिता प्रमाणपत्र, एकच लेखापरीक्षण लावू नका. छोट्याला रजिस्टरची पानं आणि मोबाइलवरचे फोटो पुरतात, लेखापरीक्षण मधल्या संस्थेचं होतंच. आठवडी बाजारातून आणलेल्या दोरखंडाला जीएसटीचं बिल मागणारे महाभाग मी पाहिलेत. दोरखंड विकणारा त्या दिवशी तरी नोंदणी करणार नाही.

पिंपळपान

सरपंचाच्या शिफारसपत्रावर कुणी बोललंच नाही. पत्र म्हणजे नकाराधिकार. विरोधी पॅनेलच्या वॉर्डात काम असेल तर पत्र मिळत नाही, आणि मिळालं तर ठेका कुणाला हेही ठरलेलं असतं. ग्रामसभेचा ठराव मागा, आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती खरोखर चालत असेल तिथं तिचा अभिप्राय. समित्या कागदावर गावोगाव आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्याही झाल्यात. त्यातल्या किती गावात कुणी उघडून पाहिल्या तो भाग वेगळा.

किनवटकर

ग्रामसभेचा ठराव बी घरी बसून लिवत्यात हो पिंपळपान ताई. सह्या गोळा करत फिरत्यात.

पिंपळपान

म्हणूनच त्या ग्रामसभेला तुमच्या टीमचा माणूस मागं बसलेला हवा. बोलू नये, बसावं.

गोदाकाठ

शिफारसपत्र काढलं. ठराव, आणि सभेला आमचा माणूस हजर.

आता तिसरा भाग, संकटाचा. इथं मला बेटांकडून एक गोष्ट उचलायचीय. डॉमिनिका, २०१७, मारिया वादळ. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये मिळून एक जोखीम निधी काढलेला होता. त्यात पंचनामा नसतो. वाऱ्याचा वेग, पाऊस, भूकंप ठरलेल्या मापाच्या पुढे गेला की पैसे सुटतात. डॉमिनिकाला सुमारे १.९ कोटी डॉलर दोन आठवड्यांत मिळाले. नुकसानीपुढे ते चिमूटभर, पण हातात लगेच होते.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. माती खरडून गेली, गोठे वाहून गेले, आणि मदत पंचनाम्यांच्या मागून. आपल्या निधीत दरवर्षीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि ठरलेलं माप ओलांडलं की अर्ज न मागता गावगटाच्या खात्यावर टाकायचा, असा विचार आहे. माप कुठलं धरावं?

सीए_लातूर

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर ही अतिवृष्टीची व्याख्या सगळ्यांना पाठ आहे, मंडळनिहाय आकडेही मिळतात. पण ६५ वर पैसे सोडले तर एका पावसाळ्यात भांडं रिकामं. सलग दोन दिवस, किंवा जास्त मोठा आकडा ठेवा. दुष्काळासाठी पावसाचा २१ दिवसांचा खंड घ्या, पीक विम्यामुळे लोकांना तो माहीत आहे.

चप्पूवाला

पाऊस तुमच्या मंडळात पडत नाही साहेब, नाशिक-नगरकडं पडतो आणि पाणी आमच्या घरात येतं. धरणाखालच्या गावांना मिलिमीटरचा उपयोग नाही. दरवाजातून किती क्युसेक सोडलं ते धरा.

सीए_लातूर

शंभर टक्के बरोबर. खालच्या गावांसाठी विसर्ग, वरच्यांसाठी पाऊस. विसर्गाचा आकडा जलसंपदा रोज जाहीर करतंच.

उमरग्याची

आणि तो पैसा कशावर खर्च करायचा ते गावानं पावसाळ्याआधी, मे महिन्यात लिहून ठेवायचं. पूर आल्यावर बैठक घेतली की मोठ्या आवाजाचा जिंकतो. पहिल्या यादीत चारा, दोन महिन्यांची मजुरी, जाळी-चप्पूची दुरुस्ती, एकट्या बायांच्या घरांचे पत्रे. मे महिन्यात ऊसतोडीवाले गावात असतात हा आणखी फायदा.

माळावरचा_लांडगा

खरडून गेलेल्या जमिनीवर भर टाकायला माळावरचा मुरूम उपसतील, तेवढं यादीत "नाही" म्हणून लिहा. पुरानंतर पहिला जेसीबी माळावरच येतो.

जालनेवाला

पाच वर्षांनी निधी संपल्यावर काय? पलाऊसारखं तिकीट लावणार का पक्षी बघायला?

गोदाकाठ

तिकिटावर आमच्यात दोन तट आहेत. पलाऊत पाहुणे विमानाने येतात, शुल्क तिथंच वसूल होतं. इथं हिवाळ्यात रविवारी चार गाड्या येतात, त्यांच्याकडून काय जमणार? चप्पूतून पक्षी दाखवण्याचं काम मासेमार गटाला द्यावं असं एक मत आहे. अभयारण्य असल्यानं तेही वनविभागाच्या परवानगीवर. पाच वर्षांनंतरचं उत्तर आज माझ्याकडे नाही, पण रक्कम पहिल्या तीन वर्षांत उधळायची नाही एवढं ठरलंय. सुवा-सेलू म्हणाले तसं कमी आणि सलग.

बदललेला मसुदा थोडक्यात टाकतो: अनुदान ५० हजारांपासून, मुदत तीन वर्षांपर्यंत, अर्ज तोंडी किंवा व्हिडिओवरही, अर्जाची खिडकी एप्रिल ते जून, ग्रामसंघ आणि मासेमार गट करारानं पात्र, चार हप्ते, घरटी राखणाऱ्यांची मजुरी दरमहा, नैसर्गिक माळावर लागवड नाही, पाचवा हिस्सा संकटासाठी. निवड समिती नऊ जणांची: देणगीदारांचे दोन, बाकी काठचे, त्यात किमान चार बाया आणि दोन मासेमार. समितीतल्या कुणाच्या गावाचा अर्ज आला की त्यानं त्या वेळी बाहेर बसायचं.

किनवटकर

देनगीदार दोनच? मान्य करतील का हो?

गोदाकाठ

न्यास तयार आहे. कंपनीशी बोलणं चालू आहे, त्यांना तीन हवेत. सीए साहेब, तुमचं पाच टक्क्यांचं टिपण मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बैठकीला सोबत न्यायचंय.

सीए_लातूर

पाठवतो. नियमाचा क्रमांकही टाकतो, नुसतं तोंडी सांगितलं तर ऐकत नाहीत.

चप्पूवाला

काठावरची बैठक कधी घेणार? घ्याल तेव्हा सकाळी अकराच्या आत ठेवू नका. आम्ही पहाटे जाळं काढतो, मग मासे बाजारात जातात, मग जेवण. आणि पैठणात हॉटेलात नको, घाटावर घ्या. बाया पण येतील.